वेल्समधल्या लहानशा पॅरिशमध्ये घर घ्यावे की शहरातच राहावे? (त्रेगारॉन परिसर)

आगंतुक

नमस्कार. माझ्या यजमानांना आबेरिस्टविथच्या ब्रॉन्ग्लाइस रुग्णालयात नोकरी मिळाली असून येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही पुण्याहून तिकडे जाणार आहोत. त्रेगारॉनपासून पाच-सहा किलोमीटर आत, एक चर्च, एक सभागृह आणि विखुरलेली पंधरा-वीस घरे एवढ्याच वस्तीच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला गाव-विभाग) आम्हाला एक जुने दगडी घर भाड्याने मिळत आहे. तेवढ्याच भाड्यात शहरात दोन खोल्यांपलीकडे काही मिळत नाही. मी घरूनच काम करते आणि मुलगी आठ वर्षांची आहे. शाळा, हिवाळा आणि एकटेपणा या तीन गोष्टींची मला काळजी वाटते. तिथे राहिलेल्या कोणी सल्ला दिल्यास आभारी राहीन.

घारीखालचा

ताई, मी शेजारच्याच खोऱ्यात अकरा वर्षे राहत आहे, त्यामुळे माझे मत खेड्याकडे झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाचावे.

प्रथम ‘पॅरिश’ या शब्दाविषयी. वेल्समध्ये कारभारापुरत्या पॅरिश १९७४ साली संपल्या आणि त्यांच्या जागी ‘कम्युनिटी’ आल्या. पॅरिश उरली ती चर्चची, आणि ते चर्चही १९२० पासून सरकारी राहिलेले नाही. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, बाक मोडले किंवा पायवाटेचे फाटक लागत नसले, तर आधी कम्युनिटी कौन्सिलच्या कारकुनाला लिहावे. त्याच्या अखत्यारीत नसलेले काम कुणाकडे न्यायचे, ते तोच सांगतो.

आता शाळा. माझ्या दृष्टीने तुमचा सगळा निर्णय इथेच आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्के असले, तरी केरेडिगियॉन जिल्ह्यात हे प्रमाण ४५.३ टक्के आहे, आणि त्रेगारॉनच्या बाजूला दुकानात, गुरांच्या बाजारात, शाळेच्या फाटकाशी तीच भाषा कानावर पडते. त्रेगारॉनची शाळा तीन ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिला हेन्री रिचर्ड यांचे नाव दिले आहे. युद्धाऐवजी लवादाने तंटे मिटवावेत, असा आग्रह आयुष्यभर धरणारे हे खासदार त्याच गावचे, आणि चौकात त्यांचा पुतळा आहे. तुमची मुलगी वेल्शमधून शिकेल. उशिरा येणाऱ्या मुलांना भाषेत उतरवण्यासाठी खास वर्ग असतात, त्यांची चौकशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आताच करून ठेवावी. आठव्या वर्षी मूल भाषा उचलते, अडचण आईवडिलांची होते, कारण मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की स्वयंपाकघरात काय चालले आहे ते आपल्यालाच कळत नाही.

म्हणून तुम्हीही शिका. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. आपण ‘घर’चे ‘घरात’ करताना शब्दाचे शेपूट बदलतो, ते लोक डोके बदलतात. त्रेगारॉनला जायचे तर ‘इ द्रेगारॉन’ म्हणायचे. स्थानिक कार्यक्रम, निधन, शर्यती, सभा हे सगळे ‘अ बारकिद’ या वेल्श मासिकपत्रात येते. नावाचा अर्थ ‘घार’. ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झालेली तांबडी घार याच डोंगरांत तग धरून राहिली होती.

एकटेपणाविषयी एवढेच सांगतो की इथे कोणी आपण होऊन दार ठोठावत नाही, पण सभागृहात खुर्च्या मांडायला गेलात तर पुढच्या वेळी किल्ली तुमच्याच हाती येते.

ओलीपायवाट

वरील प्रतिसादातील भाषेविषयीचे सगळे मान्य, पण सप्टेंबरमध्ये भारतातून येऊन थेट डोंगरात हिवाळा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण थंडीचे नाही, वाहन परवान्याचे आहे. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा इथल्याच द्याव्या लागतात. यजमान एक गाडी घेऊन सुमारे तीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात गेले की दुसऱ्या गाडीवाचून तुम्ही घरात अडकलात. उंच बांधांमधल्या एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तर गाडी शंभर मीटर मागे घेण्याची सवयही पुण्याच्या वाहतुकीतून मिळत नाही.

घर घ्यायचेच ठरले तर पुढील गोष्टी विचारून घ्या. अशा घरांना बहुधा नळाचा गॅस नसतो. तेलाची टाकी असते आणि पुरवठादार साधारण पाचशे लिटरच्या खाली आणत नाहीत, म्हणून पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम हाताशी लागते. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर तो उपसण्याचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. पाणी झऱ्याचे किंवा बोअरचे असेल तर तपासणीचा अहवाल मागा. भिंतींतल्या ओलीवर रंग दिलेला असतो, नाकावर विश्वास ठेवा.

विजेचेही ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये डॅरा वादळाने या भागात कित्येक घरे दिवसेंदिवस अंधारात राहिली. तेलाचा बॉयलरसुद्धा विजेवाचून चालत नाही, तेव्हा लाकडाची शेगडी असलेलेच घर पाहा. वीज गेल्यावर १०५ हा क्रमांक फिरवायचा.

घरमालकाने रेंट स्मार्ट वेल्सकडे (भाड्याच्या घरांच्या मालकांची नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत लेखी करार तुमच्या हाती आला पाहिजे. वेल्सचा भाडेकायदा डिसेंबर २०२२ पासून इंग्लंडपेक्षा वेगळा झाला आहे, त्यामुळे लंडनच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडणार नाही. मुदतबंद करार करू नका, केलाच तर मध्येच सोडण्याचे कलम घालून घ्या.

आगंतुक

दोघांचेही मनापासून आभार. परवान्याचा मुद्दा आमच्या मनातही आला नव्हता. एक घरगुती प्रश्न राहिला: आम्ही शाकाहारी आहोत. किराणा आणि सणवार यांचे काय करता?

घारीखालचा

डाळी, पोहे, हिंग ही खरेदी मी वर्षातून तीनदा बर्मिंगहॅमला जाऊन करतो. आबेरिस्टविथहून थेट रेल्वे आहे, सुमारे तीन तास लागतात. कढीपत्त्याचे रोप मात्र माझ्याकडून तीनदा मेले आहे.

देवळासाठी दक्षिणेला कार्मार्थनशायरमध्ये लानपिमसाइन्टजवळ स्कंदवेल आश्रम आहे. १९७३ मध्ये श्रीलंकेच्या गुरु सुब्रह्मण्यम यांनी तो स्थापला. मुरुगन, शक्ती आणि रंगनाथ यांची मंदिरे तिथे आहेत आणि येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळते. गावाच्या नावाचा अर्थ ‘पाच संतांचे चर्च’, आणि त्यातला ‘पिम’ हा आपल्या ‘पाच’चा दूरचा भाऊ आहे. क्षयाच्या चाचणीत दोषी ठरलेला शंभो नावाचा बैल २००७ मध्ये याच आश्रमातून नेऊन मारला गेला. शेजारच्या शेतकऱ्याजवळ हा विषय आपण होऊन काढू नये, कारण त्याच नियमाने त्यांच्या गोठ्यातलीही गुरे गेलेली असतात.

परवान्याविषयी ओलीपायवाट यांचे बरोबर आहे, मी माझा आग्रह थोडा मागे घेतो. शाळा मात्र बदलू नका. हिवाळ्यापुरती त्रेगारॉन गावातच, शाळेपर्यंत चालत जाता येईल अशी जागा मिळते का पाहा, आणि ते दगडी घर फेब्रुवारीत, पाऊस चालू असताना, दुपारी चारनंतर पुन्हा एकदा बघून या.