गच्चीवरचा बायोगॅस: टाकी वर येते, पण शेगडी पेटत नाही. मदत हवी आहे

शेवंता
प्लास्टिकच्या दोन टाक्या कापून, एकीत दुसरी उलटी बसवून घरीच बायोगॅस केलाय. खालची हजार लिटरची, वरची साडेसातशेची. गवंडी नाही, वेल्डर नाही, सगळं आम्ही दोघांनी केलं. वरची टाकी रोज छान वर येते, म्हणजे गॅस होतोय. पण बर्नरजवळ काडी नेली की काडीच विझते. साबणाचं पाणी लावून सगळे सांधे पाहिले, गळती नाही. जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक मोठं करू का? किती मिमीचं? लवकर सांगा, सिलिंडर संपत आलाय आणि नवा नोंदवायचा नाही असं आम्ही मनापासून ठरवलंय.

तात्या_वाईकर
शेगडी एलपीजीची आहे का? मग जेट मोठा करावाच लागेल. एलपीजीचा दाब साधारण ३० सेंमी पाण्याइतका असतो, तरंगत्या टाकीचा त्याच्या निम्माही नसतो. वरच्या टाकीवर विटा ठेवा, सगळीकडून सारख्या, नाहीतर ती कलते. बर्नरची हवेची भोकं झाका, बायोगॅसला हवा खूप कमी लागते. माझ्या मळ्यात एवढ्यावरच काम झालं.

स्लरीवाला
तात्या, थांबा. दाब कमी असेल तर ज्योत बारीक येईल किंवा येणारच नाही, पण काडी विझणार नाही. काडी विझते म्हणजे कार्बन डायऑक्साइड येतोय.
शेवंताताई, चार गोष्टी सांगा: सुरुवात कशाने केली, रोज काय आणि किती घालता, वास कसा येतो, गाव कुठलं.

शेवंता
गावाचा काय संबंध? घरचं खरकटं घालते. शेण सुरुवातीला घातलं होतं. जेटचं कुणी सांगेल का?

मातीशी_नातं
ताई, एवढा खटाटोप कशाला? ओल्या कचऱ्याचं सरळ गांडूळखत करा. गच्चीवर पालक, मेथी, टोमॅटो सगळं येतं. आम्ही भाजी विकत आणणं जवळजवळ बंद केलंय.

स्लरीवाला
त्यांना स्वयंपाकाला गॅस हवाय, पालक नको. आणि बायोगॅसची स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला, खत म्हणून वापरताच येते. ताई, ‘घरचं खरकटं’ म्हणजे किती? शेण किती?

शेवंता
शेण एक बादली. तिसऱ्या मजल्यावर किती चढवणार? खरकटं आमचं आणि खालच्या दोन्ही बिऱ्हाडांचं: भात, पोळ्या, भाज्यांची देठं, उरलेली लिंबंही. रोज मोठा डबा भरून. वास आंबट येतो, ताकासारखा. गाव नाशिक. दिवाळीनंतर बसवलं.

स्लरीवाला
आता उलगडलं. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात, ते झपाट्याने वाढतात. दुसरे त्यापासून मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करतात, ते सावकाश वाढतात आणि आम्लात त्यांचं काम बंद पडतं. एक बादली शेणावर तीन घरांचं खरकटं लोटलं, तर पहिले दुसऱ्यांना बुडवतात. त्यात नाशिकची थंडी. मिथेनवाल्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, म्हणून गाव विचारलं. टाकी फुगतेय ती बहुतेक कार्बन डायऑक्साइडने. मत्स्यालयाच्या दुकानातून पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) मोजायच्या पट्ट्या आणा. ७ च्या आसपास हवा, ६.५ च्या खाली गेला की अडचण.

देहूचा_वाटसरू
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले बायोगॅस प्रकल्प उभे केले, पुढे त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी संडास आणि खताचे प्रयोग केले. ही परंपरा आपल्या मुलांना शिकवायला हवी.

शेवंता
पट्टी लावली. पिवळट रंग आला, डबीवरच्या तक्त्यात ५.५ दाखवतोय.

तात्या_वाईकर
मग चुना टाका. दोन-तीन मुठी निवळी करून. उद्या पेटेल.

स्लरीवाला
नका टाकू, ताई. चुन्याने पीएच एकदम उडी मारतो आणि अंदाज चुकला तर उरलेले जिवाणूही जातात. शिवाय चुना कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, टाकी खाली बसते आणि आपल्याला काहीच कळेनासं होतं. खरकटं पूर्ण बंद करा. आत बाहेरून काही घालायचंच असेल तर खायचा सोडा, थोडा थोडा, मध्ये पट्टी लावत.

तात्या_वाईकर
मी चुन्यावरच चालवलाय, साहेब. पुस्तकातलं नाही सांगत.

स्लरीवाला
तुमचा शेणावरचा आहे, तात्या. शेण आम्ल सांभाळून घेतं. नुसत्या भात-पोळीला तो आधार नसतो.

गोठ्यातली_सुमन
शेवंताताई, ताज्या शेणापेक्षा चालू गोबरगॅसची स्लरी आणा, त्यात मिथेनचे जिवाणू तयारच असतात. नाशिकच्या आसपास एखाद्या गोठ्यात विचारा. दोन-तीन कॅन पुरे. पीएच ७ ला आला की रोज मूठभर पीठ किंवा भात कालवून घाला, आठवड्याने थोडं वाढवा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने पिठूळ खरकट्यावरचा हा छोटा बायोगॅस विकसित केला, त्यासाठी त्यांना २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यातही हजार लिटरला दिवसाला एक-दोन किलोच घालतात. लिंबं बंद. टाकीला बाहेरून पोती गुंडाळा.

आणि एक महत्त्वाचं. आत्ता टाकीत आहे तो गॅस उघड्यावर सोडून द्या. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, मिथेन आला की ती धोक्याची. टाकीच्या तोंडाशी काडी कधीच लावू नका, फक्त बर्नरवर, आणि नळीत मध्ये पाण्याची बाटली बसवा, म्हणजे ज्योत उलटी टाकीकडे जाणार नाही.

शेवंता
सुमनताई, बाटली नळीत कशी बसवायची? दोन्ही टोकं पाण्यात का?

गोठ्यातली_सुमन
नाही. टाकीकडून येणारी नळी पाण्यात दोन बोटं बुडवायची, शेगडीकडे जाणारी पाण्याच्या वर ठेवायची. बूच घट्ट हवं. तेवढं पाणी थोडा दाब खातं, म्हणून जास्त खोल नको.

रानमेवा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा गॅस पेटतो, पण ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि विझते. हवा कमी करू की विटा काढू?

तात्या_वाईकर
शेगडी कुठली आहे तुमची?