मदत हवी आहे: ग्रीसच्या क्रीट बेटावर गोर्टिन, फेस्टोस आणि मताला एकाच दिवशी, बसने

मंडळी, सप्टेंबरच्या मध्यात जातोय, मुक्काम इराक्लिओत (क्रीटचं मुख्य शहर). आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 70, सपाटीवर छान चालतात, पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो). गाडी चालवणार नाही, बसच.

सकाळच्या बसने आधी गोर्टिन, एका प्राचीन शहराचे अवशेष: तिथल्या ओडिऑनच्या (छोट्या नाट्यगृहाच्या) भिंतीतला कायद्याचा शिलालेख, एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून कोरलेली. तो चुकवायचा नाही. मग मिरेस गावामार्गे फेस्टोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष. क्नोसोसच्या राजवाड्यासारखं काँक्रीटने उभं केलेलं नाही, मूळ दगडी चौथरे आणि खाली मेसारा मैदान दिसतं, म्हणून हेच निवडलंय. पण टेकडीवर सावली फारशी नाही, तेव्हा दुपार चढायच्या आत उरकायला हवं. तिथून मताला हे समुद्रकाठचं गाव दहाएक किलोमीटर. किनारा पश्चिमेला, त्यामुळे पोहणं आणि सूर्यास्त शेवटी.

बसचं वेळापत्रक पाहिलंय. मिरेसला बस बदलताना बराच वेळ जातो, आणि सूर्यास्तापर्यंत थांबलो तर परतीची शेवटची बस हुकते. इराक्लिओहून दिवसभराची टॅक्सी बजेटबाहेर आहे.

जेवण शाकाहारी, अंडंही नाही. डाकोस (टोमॅटो-चीज घातलेला कडक पाव), फावा (डाळीचं वाटण), होर्ता (उकडलेली पालेभाजी) ठाऊक आहे. गेमिस्तात (भात भरलेले टोमॅटो-मिरच्या) कधी खिमा असतो, म्हणून विचारूनच घेऊ.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: फेस्टोसच्या दारात मतालासाठी टॅक्सी मिळते का, की मिरेसहूनच ठरवून न्यावी? फेस्टोसचा पश्चिम चौक मोठ्या पायऱ्या न उतरता पाहता येतो का? आणि सूर्यास्तासाठी मतालातच रात्र काढणं बरं पडेल का?