अपवादवाद म्हणजे तुलनेपासून पळ काढणेच नव्हे काय?

चिकित्सक: “प्रत्येक समाजाचा पिंड निराळा असतो, त्यामुळे तुलना हा मुळातच उथळ उद्योग आहे,” असे एका सभासदाने काल ठामपणे लिहिले आणि त्यावर माना डोलल्या, म्हणून हा प्रपंच. एखादा समाज वा भाषा सर्वसाधारण नियमात बसतच नाही असे मानणे, हाच तो अपवादवाद. अमेरिकेत समाजवाद का नाही, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ वेर्नर झोम्बार्टने १९०६ साली विचारले, तेव्हा युरोप हा नियम हे त्याने आधीच गृहीत धरले होते. इंग्लंडच्या मध्यमवर्गाने रीतसर क्रांती केली आणि जर्मन मध्यमवर्ग कचरला, ही जर्मनीच्या ‘वेगळ्या वाटे’ची मांडणी ब्लॅकबोर्न आणि ईली या इतिहासकारांनी १९८० च्या दशकात तपासली, तेव्हा मापदंड म्हणून वापरलेले इंग्लंडच बरेचसे काल्पनिक निघाले. नियम कोणी ठरवला हे न विचारता अपवाद जाहीर करणे ही पळवाट आहे.

बखरकार: पळवाट कोणाची, ते पाहू. १९२९ नंतरच्या मंदीने ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनी या तिघांनाही पोळले, पण त्यांपैकी लोकशाही कोसळली ती जर्मनीत. हे विचारायचेच नाही काय? ब्लॅकबोर्न आणि ईली यांनी एक उत्तर बाद केले आहे, प्रश्न नव्हे.

चिकित्सक: इटलीत ती मंदीच्या आधीच कोसळली होती आणि ऑस्ट्रियात १९३३-३४ मध्ये. सोयीचे तीन देश निवडले की अपवाद आपोआप तयार होतो.

भाषाभ्यासी: आपणा दोघांचे भांडण सुखाचे आहे, कारण त्यात कोणाचे मूल नापास होत नाही. क्रिओल म्हणजे भिन्नभाषी लोकांच्या संपर्कातून जन्मलेली नवी भाषा. कॅरिबियनमधील हैती या देशाची क्रिओल ही तेथील जवळजवळ सर्वांची भाषा. तरी तिला फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळायला १९८७ ची राज्यघटना यावी लागली, आणि त्यानंतरही शाळांत वरचष्मा फ्रेंचचाच राहिला. क्रिओल भाषांचे व्याकरण जगात सर्वांत सोपे, हे मॅक्‌व्हॉर्टर यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञानेच २००१ साली लिहिले. हैतीत जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ मिशेल डग्राफ यांनी या अपवादवादावर २००३ साली सडकून टीका केली. ‘म्वें आप मांझे’ म्हणजे ‘मी खात आहे’. त्यातील ‘आप’ आकाशातून पडलेला नाही. जुन्या फ्रेंच बोलीत चालू क्रिया सांगताना ‘आप्रे’ वापरत असत, त्याचाच तो वंशज आहे. माझा असाच एक लेख परीक्षकाने ‘हे क्रिओलपुरतेच खरे’ एवढ्या एका ओळीवर परत पाठवला होता. ती ओळ मी अजून पचवलेली नाही.

तौलनिक: ते प्रत्येक धाग्यावर दिसतेच. ‘आप’चे कूळ फ्रेंच निघाले, एवढ्याने वाद संपत नाही. परस्परांची भाषा न समजणारी माणसे बळजबरीने मळ्यांवर आणली गेली आणि काही पिढ्यांत नवी भाषा उभी राहिली. लॅटिनची फ्रेंच व्हायला शतके लागली. या वेगाचा रचनेवर परिणाम होतो की नाही, हे अनेक भाषा ताडून ठरवायचे असते. विरोधकावर वसाहतवादाचा शिक्का मारला की ते कष्ट वाचतात, हे मात्र मान्य.

भाषाभ्यासी: शिक्का मी मारलेला नाही, आपण तो स्वतःहून कपाळी लावून घेतलात. भाषा जरूर ताडा, पण कोणती वैशिष्ट्ये मोजायची हे आधी कोणी ठरवले? बहुतेक विभक्तिप्रत्यय गमावलेल्या इंग्रजीला कोणी वेगळ्या कप्प्यात टाकत नाही.

तौलनिक: निवडीचा आक्षेप रास्त आहे, दुर्दैवाने.

रुग्णसेवक: आमच्याकडे अपवाद जाणूनबुजून केला गेला. एचआयव्हीची चाचणी इतर रक्तचाचण्यांसारखी नव्हती: वेगळी लेखी संमती, आधी व नंतर समुपदेशन. उपचार तुटपुंजे आणि कलंक मोठा, म्हणून ते योग्यच होते. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक रोनाल्ड बेयर यांनी हे वेगळेपण संपवण्याचा प्रश्न १९९१ मध्येच उपस्थित केला. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार आले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नेहमीच्या तपासणीत ही चाचणी घेण्याची, स्वतंत्र लेखी संमती न मागण्याची शिफारस केली. कारणे होती तोवर अपवाद होता.

चिकित्सक: कारणे लिहून दिलेला अपवाद मला चालेल. इतिहासकारांकडून तेवढ्या शिस्तीची अपेक्षा करणे बहुधा अन्यायाचे ठरेल.

बखरकार: टोमणा पोहोचला. इटली आणि ऑस्ट्रियाची नावे घेऊन आपण तुलनाच केलीत आणि माझी मागणीही तीच होती, तेव्हा तेवढे आपले खरे. पण जर्मनीएवढे औद्योगिक बळ आणि जर्मनीएवढा संघटित कामगारवर्ग त्या दोघांपाशी नव्हता. तो असूनही लोकशाहीचा पाडाव का झाला, याचे उत्तर आपल्याकडून आलेले नाही.