फोटोवरून सील रंगवण्याबद्दल

नाशिकमध्ये बसून फोटोवरून सील हा समुद्री प्राणी रंगवणं म्हणजे निव्वळ नक्कल, असं मत या चर्चेत वर कुणीतरी मांडलंय, ते मला पटलं नाही. चित्रकार आणि निसर्गअभ्यासक एडवर्ड विल्सन ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉटबरोबर दोनदा अंटार्क्टिकाला गेला. तिथले वेडेल जातीचे सील त्याच्या डोळ्यांसमोर होते, तरी त्या थंडीत उघड्यावर जलरंग वापरणं शक्य नव्हतं, पाणीच गोठायचं. तो पेन्सिलने रेखाटन करायचा, कुठे कोणता रंग ते शेजारी लिहून ठेवायचा आणि चित्र मागाहून छपराखाली बसून रंगवायचा. तेव्हा समोर बसून रंगवलं तरच खरं, असं कसं म्हणायचं? खरी कसोटी निरीक्षणाची आहे.

आणि निरीक्षणात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओलं अंग आणि सुकं अंग, ज्याचा इथे कुणी उल्लेखच केला नाही. रामकुंडाच्या पायऱ्यांचा दगड भिजला की कसा काळाभोर होतो, तसाच हार्बर सील (सीलची एक ठिपकेदार जात) पाण्यातून आल्याआल्या गडद दिसतो आणि अंगावरचे ठिपके उठून दिसतात. खडकावर सुकला की तोच फिकट, मातकट. अर्धवट सुकलेला सील रंगवायला मला फार आवडतो: पाठ फिकी, पोट अजून ओलं. फिक्या आणि गडद भागांमधली ही कड मऊ हवी, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा थर, बघता बघता वाळतो, म्हणून मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेतो. मिशाही जवळून बघा, हार्बर सीलच्या मिशीचा केस सरळ गुळगुळीत नसतो, त्याची कड लहरी असते. कानाची पाळी मात्र काढू नका, ती सी लायन आणि फर सील या सीलच्या भाईबंदांना असते.