रात्री दोनला भुकेने जाग येते, वजनही उतरवायचंय – मदत हवी आहे

कोरांटी

वजन कसं उतरवावं यावर इथे भरभरून लिहिलेलं आहे. पण उतरवताना रात्रीचं काय करायचं, हे कुठेच सापडलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझी माहिती आधीच देते, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद ‘वय किती, वजन किती’ यात जाणार नाहीत. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच. संक्रांतीला वजन ७९ होतं, आता ७४ आहे. थायरॉइडची ५० ची गोळी रोज सकाळी घेते. शुगर नाही, बीपी नाही. सांगलीत शाळेत शिकवते, शाळा सकाळची. सव्वापाचला उठल्याशिवाय सगळ्यांचे डबे होत नाहीत.

खाणं असं: गोळीनंतर पाऊण तासाने चहा आणि दोन मारी बिस्किटं. मधल्या सुट्टीत एखादं फळ. दीडला घरी येऊन ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, काकडीची नाहीतर कोबीची कोशिंबीर. भात बंद. साडेचारला चहा, सहाला मुलीला क्लासवरून आणल्यावर पुन्हा चहा. सातला भाज्यांचं सूप किंवा वाटीभर पातळ वरण, सोबत गाजर-बीट. सातनंतर काही खायचं नाही असा नियम. रोज पाऊण तास चालते.

दिवसा काही त्रास नाही, भूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. सव्वादहाला आडवी झाले की झोपही लागते. पण दीड-दोनला टक्क जाग येते आणि पोटात नुसता खड्डा पडलेला असतो. पाणी पिऊन बघितलं, त्याने आणखी एकदा उठावं लागतं एवढंच. कूस बदलण्यात तास जातो. मग स्वयंपाकघर. अंधारात सगळ्यात आधी हाताला लागतो तो भडंगाचा डबा (सांगलीत राहून घरात भडंग आणायचं नाही म्हटलं तर घरचे मलाच बाहेर काढतील). एक मूठ, दोन मुठी, मग गुळाचा खडा. पंधरा मिनिटांत गाढ झोप. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, त्यांना झाकणाचा आवाज बरोबर ऐकू येतो. बोलत काही नाहीत, सकाळी फक्त विचारतात, “झोप झाली ना गं?”

आठवड्यातल्या चार-पाच रात्री हेच. न खाता तशीच पडून राहिले तर चारपर्यंत डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून जांभया द्याव्या लागतात. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की केकचा एक तुकडा पुरत नाही. गेला महिना-दीड महिना काटा ७४ वरून हललेला नाही.

सातचं जेवण पुढे न्यावं का? झोपण्याआधी काही खाल्लं तर चालेल का, चालत असेल तर काय? एक मैत्रीण मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) घेते, ते घेऊन बघू का? की हे सरळ डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे?

एक विनंती, ‘मन घट्ट करा’ असं कुणी सांगू नका. रात्री दोनला ते नसतं.

तिरफळ

ताई, तुमच्या ताटाचा ढोबळ हिशोब मांडला. भाकरी १७०, भाजी-कोशिंबीर तेलासकट दीडशे, तीन चहा मिळून दीडशे, बिस्किटं ५०, फळ ८०, वरण किंवा सूप शंभरेक. सगळे मिळून सातशे, आठशेच्या वर जात नाही. तुमच्या वया-उंची-वजनाच्या बाईला दिवसभर अंथरुणात पडून राहिलं तरी तेराशेच्या आसपास कॅलरी लागतात. त्यावर डबे, वर्ग, चालणं धरलं की अठराशेच्या घरात जातं. रोज चारशे-पाचशेची तूट बहुतेकांना झेपते. तुम्ही कागदावर हजाराची ठेवली आहे आणि ती रात्री दोनला वसूल होतेय.

प्रथिनं तर जेमतेम वीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरले तर तुम्हाला साठच्या आसपास हवीत. पोट भरल्यासारखं टिकतं ते त्यांच्यामुळे. सूप आणि गाजर-बीट साडेआठपर्यंतसुद्धा पुरणार नाही.

निवांत_काका

सूर्यास्तानंतर जेवू नये हे आपल्याकडे उगाच सांगितलेलं नाही. माझं वजन सातच्या आत जेवूनच उतरलं. पहिले काही दिवस त्रास होतो, कोमट पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. सवय होते. रात्री खाल्लेलं सगळं चरबीत जातं.

पाणकावळा

काका, तुम्ही सातला काय जेवता तेही लिहा की. मागे कुठल्याशा धाग्यात दोन भाकऱ्या आणि पिठलं लिहिलं होतंत, ते सूप नव्हे!

रात्री खाल्लेलं सगळं चरबीत जातं असं काही नसतं, दिवसाची बेरीज मोठी गोष्ट आहे. उशिरा खाणं अगदी निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही, पण भूक संध्याकाळी वाढते यात ताईंच्या मनाचा दुबळेपणा नाही. २०१३ साली बोस्टनच्या संशोधकांनी बारा जणांना मंद उजेडात ठेवून, झोपेच्या-जेवणाच्या वेळा सरकवत मोजलं होतं. जेवण कधीही दिलं तरी शरीराच्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त. म्हणजे सकाळी ‘भूकच नाही’ म्हणून बिस्किटांवर भागवायचं आणि भूक ऐन भरात असताना सूप प्यायचं, हे वेळापत्रकच उलटं आहे.

तिरफळ यांच्या हिशोबात मात्र एक गोम आहे. सातशे-आठशे खाऊन, वर भडंग धरूनही वजन दीड महिना अडकायला नको. म्हणजे मोजलं जात नाही असं काहीतरी पोटात जातंय. डबे भरताना तोंडात टाकलेला पोळीचा तुकडा, मुलीच्या ताटातला उरलेला भात, केक. भडंगाच्या ‘दोन मुठी’ अंधारात किती मोठ्या होतात हे एकदा वजनकाट्यावर बघा. त्याला तेल भरपूर असतं, वर शेंगदाणे. गुळासकट तीनशे सहज होतील. शिवाय शरीरातलं पाणी कमी-जास्त होतं, तेही काट्यावर दिसतं.

आंबेहळद

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डॉक्टर नाही, हे आधी सांगते.

भुकेने जाग येते की जाग आल्यावर भूक जाणवते, हे बघायला हवं. झोपेच्या उत्तरार्धात सगळ्यांनाच मध्ये मध्ये जाग येते, पोट शांत असेल तर ती लक्षातही राहत नाही. तुमच्या वयात जाग येण्याचं आणखी एक कारण असतं, पाळी जाण्याआधीचे बदल. अंग एकदम तापतं, मान-छाती घामेजते, पांघरूण भिरकावून द्यावंसं वाटतं, असं होतं का? पाळी पुढे-मागे होते का? असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्यावर उपाय आहेत, सोसायची गरज नाही.

दुसरं, थायरॉइडची गोळी. तिचं प्रमाण ठरवताना वजनही बघतात आणि तुमचं पाच किलो उतरलंय. डोस जास्त झाला तर भूक वाढते, झोप उडते, छातीत धडधडतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं?

घोरता का, तेही घरच्यांना विचारा. घोरताना श्वास अडकत असेल तर वारंवार जाग येते.

ही भूक खोटी नाही आणि झोप मोडून वजन उतरवण्यात नुकसानच आहे. शिकागोत २००४ मध्ये तरुण मुलांना दोन रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं, तेव्हा पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. तिथेच २०१० मध्ये दहा जाड लोकांना तूट ठेवून तेच खाणं दिलं, एकदा साडेआठ तास झोपेची सोय करून, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा तीनेक किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली आणि कमी झोपेत ०.६. बाकीचं चरबी सोडून इतर वजन, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे. प्रयोग लहान होते, पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांत मी हेच बघते. काटा खूश, जिना चढताना पाय थरथरतात.

आता ताट. सकाळी बिस्किटांऐवजी मुगाची दोन धिरडी किंवा दोन अंडी, शाळेत डब्यात नेलीत तरी चालेल. दुपारी भाकरीबरोबर मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ आणि वाटीभर दही. सहाचा चहा सोडा. कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचं निम्मं अकराला अंगात असतं. त्या वेळी मूठभर फुटाणे खा, तीस ग्रॅममध्ये सहा ग्रॅम प्रथिनं. रात्रीचं जेवण पावणेआठ-आठला, आणि ते जेवण असू द्या. अर्धी-एक भाकरी, घट्ट वरण, भाजी, पन्नास ग्रॅम पनीर किंवा एखादं अंडं. झोपायच्या आधी दोन तास झाले म्हणजे पुरे, त्याहून जवळ नेलं तर घशाशी येतं.

साडेनऊला कपभर दूध, बिनसाखरेचं. गोळी सकाळी असल्यामुळे रात्रीचं दूध आड येत नाही. हे आधीच ठरवून घ्यायचं, भूक लागण्याची वाट बघायची नाही.

मेलाटोनिन मनाने घेऊ नका. झोपेची गोळी तर नकोच. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांनी काही माणसं झोपेतच उठून खातात आणि सकाळी त्यांना आठवतही नाही.

आणि हे इतर वाचणाऱ्यांसाठी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्री भूक, घाम, थरथर अशी जाग येत असेल, तर आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर-पाणी घ्या आणि डॉक्टरांना कळवा. तिथे वजनाचा विचार करायचा नाही.

कढीलिंब

रात्री उठून खाण्याचा एक आजारही असतो ना? माझ्या मावसबहिणीला सांगितला होता.

आंबेहळद

हो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. दिवसाच्या खाण्याचा चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर पोटात जातो, किंवा आठवड्यात दोनदा तरी उठून खाल्लं जातं. सकाळी भूक नसते, खाल्ल्याशिवाय झोप येणार नाही अशी खात्री वाटते, बरेचदा मन उदास असतं. कोरांटी यांची काही लक्षणं जुळतात, पण दिवसभर जवळजवळ उपाशी असलेल्या माणसावर मी हा शिक्का मारणार नाही. आधी पोटभर खाऊन बघू. चार-सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. त्यावर उपचार आहेत.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचेही.

अंग तापतं, हो. मी ते उकाड्यावर ढकलत होते. पाळीही पुढे जायला लागलीय. टीएसएच दिवाळीच्या आधी केलं होतं, या आठवड्यात करते. घोरण्याबद्दल नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला मला काय माहीत, मी झोपलेला असतो. त्याच्या घोरण्याबद्दल मी वेगळा धागा काढीन.

भडंग मोजलं. लिहीत नाही.

पाणकावळा

भडंगाचा डबा वरच्या फळीवर, मागे. आणि जाग आलीच तर मोबाईलवर किती वाजले ते बघू नका. वेळ कळली की उरलेल्या तासांची वजाबाकी सुरू होते, मग झोप कसली.

कोरांटी

थोडं पुढचं लिहिते. टीएसएच बरोबर निघालं, त्यामुळे गोळीवर खापर फोडायची सोय राहिली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. धिरड्यांवर मुलगी आणि सासूबाई दोघीही खूश, वाटण आता तिप्पट करावं लागतं. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा किलो वर गेला, तेव्हा सगळं सोडून द्यावंसं वाटलं, मग पुन्हा खाली आला. जाग अजून येते, पण पोट ओरडत नाही आणि बहुतेक वेळा परत डोळा लागतो. एखाद्या रात्री डबा उघडला जातो. सहाचा चहा सुटत नाहीये, अर्धा कप राहिलाय.

आता श्रावण येतोय. मी सोमवार करते. दिवसभर साबुदाणा खिचडी झाली की त्या रात्री हमखास जुनं दुखणं परत येईल. काय करू?

आंबेहळद

साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. खिचडी खायचीच असेल तर अर्धी वाटी, वर दही. त्यापेक्षा वरीचा भात आणि शेंगदाण्याची दाट आमटी, किंवा राजगिऱ्याचं थालीपीठ, सोबत दूध-दही. तुमच्याकडे सोमवार संध्याकाळी सोडतात ना? मग सोडताना वरण-भात-भाजी व्यवस्थित जेवा, भातसुद्धा. साडेनऊचं दूध त्या दिवशीही घ्यायचं.

निवांत_काका

वरीच्या भातावर दाण्याची आमटी असेल तर जिरं आणि हिरवी मिरची वाटून घाला, कोकमाचं आगळ शेवटी. बाकी माझं मत कायम आहे.