शेवट फोडायचा कधी? पुण्याच्या शुक्रवारी की नागपूरच्या?

धंतोलीकर
सरळ मुद्द्यावर येतो. मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो. पुण्या-मुंबईची मंडळी दुपारीच पाहून येतात आणि रात्रीच्या जेवणाआधी शेवटाची चिरफाड सुरू होते. इकडे नागपुरात तोच सिनेमा दोन-तीन ठिकाणी, आणि बहुतेक जागी दुपारी तीन-साडेतीनचा एकच शो. नोकरी करणाऱ्याला रविवारशिवाय जमत नाही. कधी तर तो आमच्याकडे उगवतोच पुढच्या आठवड्यात. तोवर कोण मेलं, कोणी मारलं, कोण कोणाचा बाप निघाला, सगळं कानावर पडून झालेलं असतं.

माझं मागणं लहान आहे. सिनेमा लागल्यापासून दहा दिवस, म्हणजे दुसरा रविवार उलटेपर्यंत, शेवट उघड्यावर लिहायचा नाही. अभिनय, गाणी, कॅमेरा, संवाद, कुठे हसलात, कुठे कंटाळलात, हवं तेवढं लिहा. लंडनमध्ये १९५२ पासून 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाटक चालू आहे आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना आजही विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. लोक ऐकतातही. आपल्याला दहा दिवस जड का जावेत?

कोथरूडवरून
दादा, दहा दिवसांत मराठी सिनेमा पडद्यावरून उतरलेला असतो. हाच तर घोळ आहे. मोठ्या हिंदी सिनेमाची जाहिरात दोन महिने आधी सुरू होते, त्याला आपल्या बोलण्याची गरज नसते. मराठी निर्मात्याचे पैसे सिनेमा पुरा करण्यातच संपलेले असतात. शनिवारी सकाळी कोणीतरी तावातावाने लिहितं, ते वाचून दहा जण रविवारची तिकिटं काढतात. सोमवारी थिएटरवाले आकडे पाहतात आणि पुढच्या शुक्रवारी काय ठेवायचं ते ठरवतात. तुमच्या दहा दिवसांत हा सगळा निकाल लागून जातो.

आणि माउसट्रॅपचं म्हणाल, तर त्यातला खुनी विकिपीडियावर कित्येक वर्षं उघड लिहिलेला आहे. नाटक बंद पडलं नाही.

धंतोलीकर
मी गप्प बसा म्हटलेलंच नाही. शेवट सोडून लिहा म्हणालो. शेवट न सांगता माणसाला थिएटरपर्यंत नेता येत नसेल, तर लिहिणाऱ्याचा हात कच्चा आहे.

तर्रीपोहा
धंतोलीकर भाऊ, राग मानू नका, पण मले 'सैराट'चा शेवट शनिवारीच समजला होता. २९ एप्रिल २०१६ ले शुक्रवार होता, शनिवारी सकाळी व्हाट्सॅपवर आमच्याच एका दोस्तानं टाकून देल्ला. मी त्याले लय शिव्या देल्ल्या. तरी रविवारी गेलो. मे महिन्याचं ऊन, बाहेर रस्ते सुनसान, आत पाय ठेवायले जागा नाही. शेवट आला तं ज्याले माहीत होतं तोही गप, ज्याले नोतं तोही गप. मराठी सिनेमानं शंभर कोटी पहिल्यांदा पायले ते त्याच सिनेमात. शेवट फुटून त्याचं काय बिघडलं सांगा ना?

शेवटच्या रांगेतली
तर्रीपोहा, सिनेमाचं नाही बिघडलं, तुमचं बिघडलं. गल्ल्याचा हिशेब वेगळा आणि बघणाऱ्याचा वेगळा. माझ्या बाजूला एक काकू बसल्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. पोरांचा संसार लागला, घर झालं, आता सगळं मार्गी लागलं म्हणून त्या खुशीत पिशवी आवरायला लागल्या होत्या. पुढे त्यांचं जे झालं ते तुमचं झालं नाही, कारण तुम्ही तासभर आधीपासून अंग आवळून बसला होतात. माहीत असताना सिनेमा नंतर कितीही वेळा पाहता येतो. माहीत नसताना एकदाच. (दहा वर्षं झाली तरी मी इथे शेवट लिहीत नाहीये, याची नोंद घ्यावी.)

दुसरं. स्पॉयलर, म्हणजे आधीच फुटलेली गोष्ट, फक्त रहस्यपटाला लागतो, हा समज चुकीचा आहे. 'कोर्ट' घ्या. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. त्या सिनेमात खुनी नाही, धक्का नाही, पाठलाग नाही. तरी एका मैत्रिणीने प्रेमाने सांगितलं, 'शेवटचा सीन चुकवू नकोस', आणि न थांबता तो सीनच सांगून टाकला. मी अख्खा सिनेमा त्या सीनची वाट बघत काढला. रिकामी कोर्टरूम, तारखेवर तारीख, वकिलाचं घरचं जेवण, या सगळ्यात गुंतायचं तर मी मनात म्हणत होते, अजून किती वेळ? दिग्दर्शकाने जे हळूहळू उलगडत नेलं होतं त्याचं मी प्रतीक्षालय करून टाकलं.

संदर्भासहित
यावर अभ्यास झालेला आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १२ लघुकथा घेतल्या. काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना गोष्टी सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं आहे हे खरं, पण 'शेवट कळला की मजा गेली' हे आपण समजतो तितकं सरळ नाही.

शेवटच्या रांगेतली
लघुकथा. एकट्याने बसून वाचलेल्या, कुणीतरी हातात ठेवलेल्या. त्या वाचकांनी त्यासाठी सुट्टी टाकली नव्हती, तिकीट काढलं नव्हतं, आठवडाभर मैत्रिणींशी अंदाज लढवले नव्हते. मजेचा निम्मा भाग तो अंदाज असतो.

मूळची वडसाची
मी झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली आहे, म्हणून जरा वेगळं सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. नाटक कंपन्यांचं ठाणं आमच्या वडशाला. एकच नाटक आज या गावात, उद्या त्या गावात, असं होळीच्या आसपासपर्यंत चालतं. माझे काका शेजारच्या गावचं नाटक पाहून यायचे, दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळी गोष्ट सांगायचे, शेवटासकट, खलनायकाच्या हसण्यासकट. आणि तेच नाटक आमच्या गावात आलं की ती ओसरी अख्खीच्या अख्खी मंडपात. रात्री दहाला पडदा वर, पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. उलट लोक म्हणायचे, 'थांब ना, आता पाय कसा तो चिठ्ठी वाचते ते.' गोष्ट माहीत असल्यावर लोक नट कसं करतो ते बघतात. शेवट लपवला तर माणूस फक्त शेवट बघतो, असं मला वाटतं.

धंतोलीकर
वडसाच्या ताई, हे आतापर्यंतचं सगळ्यात वजनदार उत्तर आहे, पण त्यात एक फरक आहे. काकांना ऐकायला ओसरीवर बसलेले लोक स्वतःहून बसले होते. ज्याला ऐकायचं नाही तो उठून बैलांकडे जाऊ शकत होता. मी सकाळी मोबाईल उघडतो तो बहिणीचा निरोप बघायला, आणि मधेच नायकाचा मृत्यू समोर येतो. मला उठून जायला वेळच मिळत नाही.

मूळची वडसाची
हे मान्य. पण मग तक्रार सांगण्याची नाही, न विचारता सांगण्याची आहे. दहा दिवस कशाला मोजता?

इतवारीचा नातू
मी काही वर्षं वितरणाच्या धंद्यात काढली, म्हणून या भांडणाचं मूळ सांगतो. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ महाराष्ट्रात नाही. हसू नका. आजही आपला भाग 'सी.पी. बेरार' म्हणून, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या नावाने, विकला जातो. ते राज्य नकाशावरून जाऊन किती काळ लोटला, धंद्याच्या वहीत ते जिवंत आहे. वितरणाच्या एकेका भागाला सर्किट म्हणतात; मुंबई सर्किटमध्ये मुंबई, पुणे, गुजरात वगैरे. आपण वेगळे, आणि आपल्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचं कार्यालय भुसावळला. मराठी निर्माता आधी मुंबई सर्किटचा हिशेब जमवतो, कारण पैसा तिकडे निघतो. सी.पी. बेरारचे हक्क कोणी घेतले तर ठीक, नाही तर मोजक्या प्रिंट, मोजके शो. पूर्वी प्रिंटचा खर्च हे तरी कारण होतं. आता सिनेमा डिजिटल येतो, तरी सवय तीच.

आणि तो दुपारी तीनचा शो कुठून आला? २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठीला प्राइम टाइम द्यायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, ओरड झाल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ केलं. आता दुपारचे तीन त्यात बसतात की नाही? बसतात. नियमही पाळला आणि संध्याकाळही हिंदीला मोकळी. तेव्हा पुणेकर आधी बोलतो म्हणून भांडण लागतं हे दिसायला खरं, पण घड्याळ त्याने लावलेलं नाही.

तर्रीपोहा
हाव ना! मे महिन्यात तीन वाजता बाहेर निघा म्हणते. पंचेचाळीस डिग्रीत दुपट्टा बांधून जाणारा माणूस मराठी सिनेमाचा खरा भक्त. त्याले सरकारनं पुरस्कार द्याव.

माहीमचा
इतवारीच्या नातवाने सांगितलं ते माझ्यासाठी नवीन होतं. पण धंतोलीकरांच्या नियमाला माझा वेगळा विरोध आहे. 'अमुक दिवस बोलू नका' हे वाक्य निर्मात्यांना फार आवडतं. केरळमध्ये २०२४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमित्राने, म्हणजे न्यायालयाने मदतीला नेमलेल्या वकिलाने, सिनेमा लागल्यावर ४८ तास परीक्षणं नकोत असं सुचवलं होतं. तमिळ निर्माते मद्रास उच्च न्यायालयात तीन दिवसांची बंदी मागायला गेले, न्यायालयाने नाही म्हटलं. सिनेमा वाईट असला की त्यांना 'स्पॉयलर'ची आठवण होते. शेवट फसला आहे हे सांगायचं असेल तर शेवटाबद्दल बोलावंच लागतं. दहा दिवस फक्त कौतुक करायची परवानगी असेल तर ती जाहिरात झाली.

धंतोलीकर
न्यायालय आणि शिष्टाचार यांची गल्लत करू नका. मी कोणावर खटला भरतोय? 'शेवट फसलाय, पटला नाही, दिग्दर्शकाने घाई केलीय' एवढं लिहिलं तर माझे पैसेही वाचतात आणि मजाही. कसा फसला ते दुसऱ्या सोमवारी लिहा, मी स्वतः येऊन वाद घालीन.

साडेआठची
सगळे सिनेमावरच बसलात, मालिकांचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे सासूबाई रोज साडेआठला टीव्हीसमोर. तोच भाग ॲपवर पैसे भरणाऱ्यांना आधीच दिसतो. माझी जाऊ दुपारी ऑफिसच्या डब्यासोबत बघते आणि चारला फोन करून सांगते, 'आई, आज तिचं खरं रूप उघडं पडणार.' सासूबाई चिडत नाहीत हो! त्या आजूबाजूच्या चार घरी फोन करतात. साडेआठला त्या सगळ्या जणी 'कसं उघडं पडतं' ते बघायला हजर.

आणि वाहिनीच काय करते? रविवारच्या महाएपिसोडचा प्रोमो बुधवारपासून. लग्न मोडणार, मुखवटा गळणार, थोबाडीत बसणार. सगळं दाखवून झाल्यावर रविवारी दोन तास त्याच थोबाडीची वाट बघायची. मालिकेत स्पॉयलर हीच जाहिरात आहे. मग प्रेक्षकानेच तोंडाला कुलूप का लावायचं?

संदर्भासहित
हे रोजच्या मालिकेपुरतं बरोबर. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' होती तेव्हा मात्र घराघरांत 'हे कोण करतंय' यावर पैजा लागत होत्या. तिथे कोणी आधी सांगितलं असतं तर साडेआठच्या सासूबाईंनीही फोन आपटला असता.

साडेआठची
आपटला असता आणि परत उचलून 'नक्की का?' विचारलं असतं.

कोथरूडवरून
बरं, मी काय करू शकतो ते सांगतो. शीर्षकात 'शेवटासह' असं लिहीन आणि पहिल्या चार ओळींत काही फोडणार नाही, म्हणजे नुसतं डोकावणाऱ्याला काही दिसणार नाही. पहिला सोमवार होईपर्यंत असं. दहा दिवस नाही. तोवर सिनेमा उतरला तर माझं लिहिणं कोणासाठी?

धंतोलीकर
चार ओळींचं पटलं. सोमवारचं नाही. आमच्याकडे सोमवारी तो लागलेलाच नसेल तर?

कोथरूडवरून
मग वितरकाशी भांडा. माझ्याशी भांडून शो वाढणार आहेत का?

इतवारीचा नातू
वितरकाशी भांडून झालंय. तो म्हणतो, नागपुरात मराठीला प्रेक्षक येत नाहीत, मी कशाला लावू? प्रेक्षक म्हणतात, शो तीनला असतो, आम्ही कसे येऊ? मी धंदा सोडला तेव्हा हेच चालू होतं. पण कोथरूडवाले, एक ऐकून ठेवा. तुमचं शनिवारचं लिखाण इथले थिएटरवालेही वाचतात. शेवट फोडणाऱ्या दहा जणांपेक्षा 'नागपुरात संध्याकाळी का नाही?' असं विचारणारे दहा जण जास्त कामाचे.

तर्रीपोहा
तं मग या शनिवारी पुण्यावाल्यांनीच विचारा ना भाऊ. आम्ही विचारून विचारून थकलो.

कोथरूडवरून
विचारतो. थिएटरांची नावं पाठवा. शेवट मात्र मंगळवारी लिहिणार.

धंतोलीकर
नावं पाठवतो. मंगळवारी मी मोबाईल उघडणार नाही.