इस्तंबूलच्या पेरा पॅलेसमध्ये मुक्काम करावा का?

प्रश्न: अगाथा ख्रिस्ती जिथे उतरत असत, त्या पेरा पॅलेसमध्ये एक रात्र तरी राहावे असा आईचा आग्रह आहे. भाडे अर्थातच खिशाला जड आहे. नावापलीकडे तिथे काही आहे का? आईला चढ चढवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर १: अवश्य राहावे. युरोपातून इस्तंबूलला येणाऱ्या ओरिएंट एक्स्प्रेस या आलिशान रेल्वेगाडीच्या प्रवाशांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वास्तूत, सिर्केजी स्थानकावरून पाहुण्यांना वाहून आणणारा मेणा अजून मांडून ठेवलेला असून, जिन्यालगतची ओतीव लोखंडी जाळीची जुनी लिफ्टही पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती यांच्या नावाने ४११ क्रमांकाची खोली दाखवतात. मात्र ओरिएंट एक्स्प्रेसवरची त्यांची १९३४ सालची कादंबरी तिथेच लिहिली गेली, ही कथा हॉटेलवाल्यांच्या कौतुकाचा भाग समजून ऐकावी.

उत्तर २: माझे मत थोडे वेगळे आहे. केवळ वास्तू अनुभवायची असेल, तर मुक्काम इतरत्र करून घुमटांच्या दालनात, म्हणजे कुब्बेली सालोनमध्ये, दुपारचा चहा घेतला तरी पुरते. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांची १०१ क्रमांकाची खोली संग्रहालय म्हणून जपलेली आहे. ती पाहण्याची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी. चढाची काळजी नको, कारण टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या काराकॉय भागातून १८७५ पासून चालू असलेली ट्युनेल ही भुयारी रेल्वे थेट टेकडीवर पोहोचवते आणि तिथून हॉटेल जवळच आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आईला चहाचा पर्याय सुचवला. ती खोलीवरच अडून बसली आहे.